बंद काचांची जीप

१

"मला एवढंच सांगा मॅडम, ते आपणहून गेले का?"

बाईंनी बसायच्या आधीच विचारलं. मी खुर्ची पुढे सरकवली, तर त्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्याच राहिल्या. धडधाकट बाई, आवाज खणखणीत, पण डोळे पार खोल गेलेले आणि हातातल्या रुमालाचा बोळा झालेला.

"पोलिसांनी काय सांगितलं?"

"आपणहून गेले, असंच. प्रकरण मिटवलं त्यांनी. मी रोज जाऊन डोकं खायला लागले, तेव्हा तिथला शिपाई म्हणाला, विषारी मालाचं असेल तर त्या करवतीला विचारा."

करवत म्हणजे मी. धोकादायक मालाच्या वाहतुकीची तपासनीस. ॲसिड, गॅस, विषारी औषधं असलं काही रस्त्याने जाणार असेल तर डबा धड आहे का, त्यावर धोक्याचं चिन्ह आहे का, चालवणाऱ्याला नीट शिकवलंय का, हे बघायचं माझं काम. ट्रकवाले मला पाठीमागे करवत म्हणतात. खुशाल म्हणू देत. म्हणायला जिवंत आहेत ना, मग झालं.

बाईंचे यजमान सरकारी कीडनियंत्रण केंद्रात ड्रायव्हर होते. या केंद्रात बाहेरून आलेलं धान्य, बियाणं, रोपं तपासतात आणि कीड असेल तर मारतात. त्यासाठी धुरीच्या गोळ्या असतात. या गोळ्यांना ओल लागली की त्यातून गॅस सुटतो. धान्यातले किडे मारतो, आणि बंद जागेत असलो तर आपल्यालाही.

यजमान सापडले ते फेरीबोटीवर, जीपमध्ये, स्टिअरिंगवर मान टाकलेले. भर उकाड्याचा दिवस, तरी चारी काचा वर. मागच्या सीटवर लाकडी पेटी, पेटीवर भिजलेलं गोणपाट, पेटीत त्या गोळ्यांचा उघडा डबा. शेजारी पाण्याची बाटली, रिकामी. डॉक्टर म्हणाले, विष श्वासातून गेलं. पोलीस म्हणाले, काचा लावल्या, डबा उघडला, पाणी ओतलं, संपलं. सरळ दिसतंय.

"सरळ दिसतंय हो," बाई म्हणाल्या, "पण त्या दिवशी लेक बाळंत होऊन घरी यायची होती. पहिलं नातवंड. रात्रभर हे दवाखान्याच्या बाकावर बसून होते. दुपारी ह्यांनीच तिला घेऊन यायचं ठरलं होतं. आणि सकाळी फोन आला, खाडीपलीकडे माल पोचवायचाय. हे निघाले. माझं डोकं सणकलं. मी तोंड सोडलं. म्हटलं, ती रोपटी तुमच्या पोटची, आम्ही कोण? जा तिकडेच. परत नाही आलात तरी चालेल."

एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच.

"बाई, असलं नवरा-बायको रोजच बोलतात."

"रोज बोलतात, पण रोज माणूस संध्याकाळी घरी येतो ना. माझा भाऊ तिथेच स्टोअरकीपर आहे. तो म्हणतो, ताई, उकरू नकोस, त्रास तुलाच होईल. पण मॅडम, मला झोप नाही. माझ्या बोलण्याने गेले असतील तर तसं सांगा. निदान कळू दे."

आता काय सांगणार? माझे हात बांधलेले होते. सरकारी माणूस, सरकारी गाडी, सरकारी काम, हे तिन्ही जुळून आलं की माझे नियम लागूच होत नाहीत. खाजगी ट्रकवाल्याचं एक लेबल वाकडं दिसलं तर मी त्याला सळो की पळो करते, आणि सरकारी जीपमधून उघडं विष गेलं तरी मला ब्र काढता येत नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्या उठल्या. दारापर्यंत गेल्याही.

"बाई, थांबा. ती फेरीबोट कुणाची आहे?"

"कंपनीची. खाजगी."

मी चष्मा चढवला.

२

केंद्राचे साहेब शिकलेले, इस्त्रीतले, हसतमुख. मी आत गेल्यावर उठून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम, तुम्हाला माहीत असेलच, तुमचे नियम आम्हाला लागू नाहीत."

"रस्त्यावर नाहीत," मी म्हटलं. "पण जीप खाजगी बोटीवर चढली की माल वाहणारी ती बोट, आणि तुम्ही तो सोपवणारे. इतर कुणालाही लागतात ते सगळे नियम तिथे तुम्हालाही लागतात. डब्यावर चिन्ह, डबा न उघडलेला, बांधणी कोरडी, बोटवाल्याला आधी कल्पना. आणि विषारी माल उतारूंच्या बोटीवर न्यायचाच नाही, मालाच्या बोटीने न्यायचा."

साहेबांचं हसू जरा कमी झालं.

"मी मालाच्या बोटीनेच न्यायला सांगितलं होतं. ती दुपारनंतर सुटते. ड्रायव्हर उतारूंच्या बोटीने का गेला, देव जाणे."

"ड्रायव्हरांना या गोळ्यांचं काही शिकवलं होतं?"

"पूर्वी शिकवायचे. मी आल्यावर बंद केलं. लागूच नाही तर दिवस कशाला घालवायचा? मी मीटिंगमध्ये सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, आपल्या गाड्यांना लेबल लागत नाही, चिन्ह लागत नाही, उगाच घाबरू नका."

"म्हणजे त्याला माहीत नव्हतं?"

"छे छे! डब्यावर हाताएवढं कवटीचं चित्र असतं हो. आणि स्टोअरकीपरने डबा हातात देताना तोंडी सांगितलं होतं. पोलिसांना तसं लिहून दिलंय त्याने."

मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिले. सगळं घोडं इथेच अडलं होतं. मागच्या पेटीत विष आहे हे ड्रायव्हरला माहीत असेल, तर काचा लावून त्यावर पाणी ओतणारा माणूस मरायलाच बसला होता, आणि बाईंना तसं सांगावं लागणार होतं. पण माहीत नसेल, तर एवढ्या उकाड्यात शहाणा माणूस काचा कशाला लावेल? आणि कुठल्याशा पेटीवर पाणी तरी कशाला ओतेल?

अंगणात एक माळीण जीपमध्ये लिंबाची कलमं चढवत होती. लाकडी पेटी मागच्या सीटवर ठेवली, वर गोणपाट टाकलं, झारीने चांगलं भिजवलं. मग एकेक काच वर करायला लागली.

"अहो, आत शिजेल की कुणीतरी," मी म्हटलं.

"शिजू दे ड्रायव्हरला," ती हसली. "पाण्यावरचा खारा वारा लागला तर पालवी करपते. कलमं असली की काचा वरच ठेवायच्या. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे."

मला हसू आलं नाही. मी तिला पेटीवर रंगवलेलं हिरवं पान दाखवून विचारलं, हे कशाला?

"जिवंत रोपांची खूण. ही दिसली की बोटवाले रांगेतून पुढे घेतात. नाहीतर दिवसभर धक्क्यावर सुकत बसा."

३

स्टोअरकीपर चाळिशीचा, अंगाने भरलेला, चेहरा मात्र लहान मुलासारखा गोल. ताईने लहानपणी ठेवलेलं सोन्या हे नाव त्याला इतकं चिकटलं होतं की साहेबही तेच म्हणायचे. आई लवकर गेली, ताईनेच वाढवलं, हे त्याने न विचारताच सांगितलं. मी गेले तेव्हा तो एक पेटी बांधत होता. निळी प्लॅस्टिकची पट्टी पेटीभोवती फिरवली, टोकं पत्र्याच्या चापात घातली आणि लांब दांड्याच्या पकडीने चाप कचकन दाबला.

"पक्कं बसतं हो," मी म्हटलं.

"कापल्याशिवाय सुटत नाही. ही पकड एकच आहे. मी कुलपात ठेवतो, नाहीतर हरवतात लोक."

"त्या दिवशी काय झालं?"

त्याने पकड खाली ठेवली. पोलिसांना सांगितलेलं सगळं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. डबा लेबलासकट दाजींच्या हातात दिला. गोळ्या आहेत, जपून, मालाच्या बोटीने जा, असं सांगितलं. पेटी जीपमध्ये पडलेली असायचीच, तिच्यात त्यांनीच ठेवला असेल.

"डबा नवा होता?"

"अर्धा वापरलेला. झाकणाला चिकटपट्टी लावून दिला. सरकारी गाडीला चालतं, साहेब म्हणाले होते."

"दाजी कसे होते त्या दिवशी?"

तो खाली बघत म्हणाला, "उदास होते जरा."

"आजोबा झालेला माणूस उदास?"

"घरी वाजलं होतं ना त्यांचं. ताईचा फोन आला होता सकाळीच."

"कशाला?"

त्याने पुन्हा पकड उचलली. मी गप्प बसणाऱ्याला सोडत नाही, ही माझी खोड. पण त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी सोडलं. तो बाहीने नाक पुसत म्हणाला, "मॅडम, ताईला नका सांगू मी रडलो. ती आधीच जेवत नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ जातो, दूध नेतो, बाळाची औषधं नेतो. माझ्या हाताने दोन घास खाते तेवढेच."

खरं बोलत होता. एवढं एकच तो तेव्हा पूर्ण खरं बोलला, असं मला आजही वाटतं.

निघताना मी विचारलं, "डब्यावरचं लेबल सहज निघतं का हो?"

"नाही. खरवडावं लागतं," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघतच राहिला.

पोलिसांकडचा डबा मी सकाळीच पाहून आले होते. त्याच्यावर लेबल नव्हतं. नुसता डिंकाचा चौकोन होता आणि त्यावर ओरखडे.

४

धक्क्यावर गाड्या बोटीत लावणाऱ्याला सगळे शिट्टीवाला म्हणायचे. बोटीबरोबर पलीकडे जायचा, पुन्हा यायचा. जीपची काच फोडून ड्रायव्हरला बाहेर काढलं ते त्यानेच, आणि नंतर आजारी पडला तो अजून खोकत होता. शिट्टी गळ्यात होती, पण वाजवायला दम नव्हता, हातानेच गाड्यांना पुढे-मागे करत होता.

"मी काही केलं नाही मॅडम," तो पहिल्यांदा हेच म्हणाला.

"जीप रांगेतून पुढे घेतलीत ना?"

त्याचा चेहरा उतरला. "पेटीवर हिरवं पान होतं. रोपं पुढे घ्यायची, असा रिवाजच आहे. आत काय आहे ते बघायचं माझं काम, कबूल आहे. पण सरकारी गाडी म्हटल्यावर कोण बघतं? मी काचेतून विचारलं, काय आहे भाऊ? ते म्हणाले, कलमं असतील, सोन्याने बांधून दिलीत. एरवी दुपारच्या बोटीला लटकवतो, आज म्हणाला, दाजी, ही घ्या आणि पहिल्या बोटीने जाऊन परत या. खूश होते हो. नात झाली म्हणाले. माझ्या हातावर गोळी ठेवली, खायची, लिमलेटची."

"पोलिसांना हे सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं कुठे? मी तर दवाखान्यात पडलो होतो. आणि न बघता गाडी घेतली हे आपल्या तोंडाने सांगायचं, म्हणजे नोकरीच गेली."

शिव्या घालाव्यात असं फार वाटलं. पण तो खोकायला लागला, मग नाही घातल्या.

"पुढे काय झालं ते सांगा. एकेक सांगा."

"बोट सुटली. त्यांनी काचा वर केल्या. मागे वळून बाटलीतलं पाणी त्या गोणपाटावर शिंपडत होते. ऊन मरणाचं, गोणपाट सुकलं असणार. मी म्हटलं, स्वतः प्या की थोडं. ते आतूनच हसले, मग मान टेकून डोळे मिटले. मला वाटलं, रात्रीचं जागरण आहे, झोपू दे. औषधाचा वास येत होता, पण त्या जीपला नेहमीच येतो. पलीकडे पोचल्यावर हाक मारली, तर..." त्याने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "काच फोडली, त्यांना ओढलं. पेटीतून धूर आल्यासारखं दिसत होतं. मी आत वाकून सुरीने पेटीची पट्टी कापली आणि बाहेर फेकली. आत बघतो तर डबा लवंडलेला, झाकण सुटलेलं. मग मीच पडलो."

"पट्टी कापली? म्हणजे पेटी बांधलेली होती?"

"होती तर. पक्की."

"ती पट्टी कुठे आहे?"

"डेक झाडताना निघतं ते सगळं इथेच टाकतो आम्ही," म्हणत त्याने बाकाखाली हात घातला. दोऱ्या, फाटके टायर, काय काय बाहेर काढलं, आणि शेवटी निळी पट्टी. एका जागी सुरीने कापलेली. पत्र्याचा चाप मात्र जसाच्या तसा, कचकन दाबलेला.

मी ती पट्टी हातात घेऊन धक्क्यावर बसले. आता मला सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

५

बाईंच्या घरी गेले तेव्हा दुपार होती. आतल्या खोलीत लेक बाळाला निजवत होती. सोन्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात दुधाचं पातेलं. मला बघून त्याने पातेलं खाली ठेवलं, पण हलला नाही.

"बसा बाई," मी म्हटलं. "तुम्ही मला एक विचारलं होतंत, त्याचं उत्तर आणलंय. ते आपणहून गेले नाहीत."

त्या बसल्या नाहीत. भिंतीला टेकल्या.

"कशावरून?"

मी पट्टी पुढे ठेवली. "डबा पेटीत होता आणि पेटी या पट्टीने बांधलेली होती. बोटीवरच्या माणसाने ती कापेपर्यंत ती कुणी उघडलेली नाही. हा चाप बघा, शाबूत आहे. तो दाबायची पकड तुमच्या यजमानांकडे नव्हती. म्हणजे पेटी बंद झाल्यावर त्यांनी डबा उघडलाच नाही, उघडता आलाच नसता. पाणी गोणपाटातून खाली ठिबकलं, आत डबा लवंडून झाकण सुटलं होतं. पोलीस आले तोवर पेटी उघडलेली होती, म्हणून त्यांना वाटलं ह्यांनी उघडली."

"मग काचा का लावल्या?"

"कारण त्यांना वाटत होतं मागे कलमं आहेत. पेटीवर रोपांची खूण होती. खारा वारा लागू नये म्हणून काचा लावल्या. गोणपाट सुकलं म्हणून त्यावर स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी शिंपडलं, सगळं. स्वतःला घोटही ठेवला नाही. बाई, मरायला निघालेला माणूस कलमांची तहान बघत बसत नाही. आणि ते चिडलेले नव्हते. बोटवाल्याला नात झाली म्हणून सांगत होते, खाऊ वाटत होते. पहिल्या बोटीने गेले ते लवकर परत यायला. तुमच्याकडे यायला."

बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. मी पुष्कळ रडणी ऐकली आहेत, पण हे रडणं वेगळं होतं. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलला, तर माणूस आधी कळवळतो, तसं. त्या खाली बसल्या, कपाळ जमिनीला टेकवलं आणि म्हणत राहिल्या, "येत होते. अगं बाई, येत होते घरी."

आतून लेक धावत आली, आईला धरून तीही रडायला लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. काय करणार?

मग बाईंनी डोकं वर केलं. मी ज्या प्रश्नाला घाबरत होते तो आलाच.

"मॅडम, पण मग तो डबा कलमांच्या पेटीत ठेवला कुणी?"

मी पट्टी उचलून गुंडाळायला लागले.

"ताई, मी," सोन्या म्हणाला.

तो दारातूनच सांगायला लागला, एका दमात, कुणी थांबवेल म्हणून घाबरल्यासारखा.

"तुझा फोन आला ना सकाळी. म्हणालीस, सोन्या, काहीही कर, पण आज त्यांना लवकर पाठव, लेकीला आणायचंय. मालाच्या बोटीने गेले असते तर रात्रच झाली असती. लेबल दिसलं तर उतारूंच्या बोटीवर घेत नाहीत. म्हणून मी लेबल खरवडलं, डबा कलमांच्या पेटीत घातला, पेंढा भरला, पट्टी मारली. दाजींना सांगितलं असतं तर ते ऐकलेच नसते, तुला माहीत आहे त्यांचा स्वभाव, रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला थांबायचे. म्हणून म्हटलं, कलमं आहेत. साहेब म्हणाले होते, आपल्याला नियम लागू नाहीत. मला वाटलं, ज्यांना लागू आहेत त्यांनाच धोका असेल. आपल्याला लागू नाहीत म्हणजे आपल्याला काही होत नसणार. मला खरंच असंच वाटलं गं ताई."

हे ऐकून मला साहेबांची इस्त्री आठवली आणि अंगाचा तिळपापड झाला. नियमातून सूट मिळाली म्हणजे विषातून सूट मिळाली, असं एका भल्या माणसाला वाटलं, आणि नाही रे बाबा, असं सांगणारं त्या केंद्रात कुणी उरलं नव्हतं. साहेबांचं मी काय ते बघणारच होते, आणि बघितलंही. पण इथे, या खोलीत, साहेब नव्हते.

बाई उठल्या. भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"बोटीवरून फोन आला तेव्हाच."

"आणि मी रोज रात्री म्हणत होते, मीच मारलं त्यांना, माझ्या तोंडाने मारलं. तू समोर बसून मला भरवत होतास. तेव्हा सगळं माहीत होतं?"

"तू मला घरात घेतलं नसतंस ताई. मला दुसरं घर कुठे आहे?"

त्यांनी त्याच्या छातीवर गुद्दा मारला. मग दुसरा. तिसऱ्याला हात वर गेला तो तसाच राहिला, आणि त्याच हाताने त्यांनी त्याच्या शर्टची कॉलर मुठीत धरली. बराच वेळ धरून ठेवली. सोन्या लहान पोरासारखा हुंदके देत होता. मामा, मामा, करत भाचीही रडत होती. सगळं घरच रडत होतं, आणि खरं सांगायचं तर मीही रडत होते, मला त्याची लाज वाटली नाही.

शेवटी मीच म्हटलं, "बाई, ते आपणहून गेले नाहीत हे मला पोलिसांना सांगायचं, तर पेटी कुणी बांधली हेही सांगावं लागेल. एक सांगून दुसरं लपवता येणार नाही. ह्यांना आत जावं लागेल कदाचित. मी आज नाही सांगितलं तर..." पुढे काय म्हणणार होते, मला आजही माहीत नाही. करवतीच्या तोंडी असलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "आजच. नातीने शाळेत जाऊन ऐकायचं का, तुझा आजोबा जीव देऊन मेला? सोन्या, चेहरा धू."

तो धुवून आला. बाईंनी टॉवेल पुढे केला. मग स्वतःच्याही चपला पायात घातल्या.

"तुम्ही यायची गरज नाही बाई," मी म्हटलं. "मी नेते त्यांना."

"आई गेली तेव्हा हा रांगत होता मॅडम. ह्याला मी कधी कुठे एकटं पाठवलेलं नाही."

पोलीस ठाणं फार लांब नव्हतं. बाई पुढे, तो मागे, त्याच्या मागे मी. दारात नेहमीचा शिपाई होता. बाईंना बघताच त्याने कपाळाला हात लावला.

"पुन्हा आलात? किती वेळा विचारणार मावशी?"

"आज विचारायला नाही आले. सांगायला आले," बाई म्हणाल्या. आवाज पुन्हा तसाच खणखणीत. "माझे यजमान आपणहून गेले नाहीत. ते घरी येत होते. आणि हा माझा भाऊ. काय झालं ते हा सांगेल."

त्यांनी सोन्याचं मनगट धरून त्याला पुढे केलं.

"आधी त्याला बसायला द्या," त्या शिपायाला म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी आहे तो. मग काय विचारायचं ते विचारा. मी इथेच आहे."